आधी सांगा, मग दिवा विझवा: थरारपट पाहायला आणि करायला शिकताना

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी नावाच्या काळोख्या भुयाराच्या तोंडाशी गाइडनं आम्हा चाळीसेक पोरांना थांबवलं. शाळेची सहल होती. गाइडच्या हातात टेंभा होता. तो म्हणाला, "ही वाट शत्रूसाठी कोरलीय. आत वळणावर वळण आहे. मधे एका जागी उजेड दिसतो. शत्रूला वाटायचं, सुटलो. तो उजेडाकडं धावायचा आणि थेट खंदकात." एवढं सांगून त्यानं आम्हाला आत नेलं आणि दोन-तीन वळणं झाल्यावर टेंभा झाकला. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या पोरानं माझा सदरा मुठीत धरला होता, तो बाहेर आल्यावरही त्यानं बराच वेळ सोडला नाही.

पुढं मोठेपणी पाहुण्यांना घेऊन त्याच अंधारीत गेलो, गाइड न घेता. वटवाघळांचा वास, ठेचकाळणारे पाय, मोबाइलची बॅटरी. पाहुणे म्हणाले, "बराच अंधार आहे हो," आणि बाहेर येऊन रसवंतीकडं वळले. अंधार तोच होता. या खेपेला आत काय आहे ते कुणी आधी सांगितलं नव्हतं, एवढाच फरक.

लातुरात गेली काही वर्षं मी कॉलेजातल्या पोरापोरींबरोबर जुने थरारपट पाहतो, आणि त्यातून उमगलेलं घेऊन आम्ही मोबाइलवर पाच-दहा मिनिटांच्या फिल्म करतो. नव्यानं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची समजूत अशी असते की ताण लपवण्यातून येतो, म्हणजे शेवटपर्यंत काही सांगायचंच नाही. ती समजूत मोडावी म्हणून हा लेख लिहितोय. पुढं काही सिनेमांतले प्रसंग उघड केले आहेत. त्याला इलाज नाही, पण शेवट कुठलाच फोडलेला नाही.

पहिली पायरी: एकच सिनेमा, दोनदा

यादी करून वीस सिनेमे पाहू नका. एकच घ्या. मी नवख्यांना थरारपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याचा १९५४ चा 'रिअर विंडो' देतो. पहिल्यांदा पाहताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, दिवे घालवा आणि मधे थांबवू नका. तेव्हा अभ्यास करायचा नाही, घाबरायचं असेल तिथं मोकळेपणानं घाबरा.

दुसऱ्यांदा वही घेऊन बसा. पानावर तीन रकाने आखा: मला काय माहीत, नायकाला काय माहीत, समोरच्याला काय माहीत. प्रसंग बदलला की तिन्ही रकाने भरायचे.

या सिनेमात एका फोटोग्राफरचा पाय प्लास्टरमध्ये आहे. चाकाच्या खुर्चीत बसून तो दिवसभर समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या बघतो. समोरच्या एका सेल्समननं बायकोचा खून केलाय असा त्याला संशय येतो. पुरावा शोधायला त्याची मैत्रीण त्या माणसाच्या घरात शिरते. आणि इकडून फोटोग्राफरला दिसतं की सेल्समन परत आलाय, बोळातून दाराकडं निघालाय. आता वहीत बघा. तो येतोय हे आपल्याला माहीत, फोटोग्राफरला माहीत. मैत्रिणीला माहीत नाही. आत कुणी आहे हे सेल्समनलाही माहीत नाही. फोटोग्राफरला धावता येत नाही, ओरडून उपयोग नाही. कॅमेरा जवळजवळ सगळा सिनेमाभर त्याच्याच खोलीत राहतो, त्यामुळं आपणही त्याच्याबरोबर त्या खुर्चीला बांधले जातो. चौघांपैकी दोघांना ठाऊक, दोघांना नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या हातात काही नाही. जीव टांगणीला लागतो तो इथं.

दुसरी पायरी: धक्का वेगळा, ताण वेगळा

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यानं १९६२ मध्ये हिचकॉकची कित्येक दिवस चाललेली मुलाखत घेतली. तिच्यात हिचकॉकनं दिलेलं एक उदाहरण आजही जगभर शिकवलं जातं. टेबलाभोवती माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब कुणीतरी ठेवताना प्रेक्षकानं आधी पाहिला, एक वाजता फुटणार हे त्याला कळलं आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण झालेला दिसला, तर त्याच रटाळ गप्पा तो पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकतो.

हे आमच्या पोरांना पाठ होतं, तरी पहिली फिल्म करताना आम्ही चुकलोच. ती चूक सविस्तर सांगतो, कारण तीतूनच मी सगळ्यात जास्त शिकलो.

आपल्याकडं शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. बाप मध्यरात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला हात लावतो आणि शॉक लागून पडतो, अशी गोष्ट होती. पोरांनी सगळं लपवलं. आधी घरातलं जेवण, मग बाप बॅटरी घेऊन निघाला, बांधावरून चालला, पेटी उघडली, धाड. औशाजवळच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावून दाखवली. बाप पडला तेव्हा बायकांत "अगं बाई" झालं, आणि लगेच कुणीतरी विचारलं, "दुसरी लावणार का आता?" चार मिनिटं चालण्यात गेली होती आणि त्या चार मिनिटांत बघणाऱ्यांच्या मनात काहीच चाललं नव्हतं.

मग आम्ही गोष्ट उलगडून पुन्हा बांधली. दुपारी उंदरानं कुरतडलेली केबल पेटीच्या पत्र्याला टेकलेली दिसते. धाकटा पोरगा ठिणगी उडालेली बघतो, पण क्रिकेटच्या नादात घरी सांगायचं राहून जातं. रात्री तो झोपलाय. बाप निघतो. वाटेत त्याची चप्पल चिखलात रुतते, तो ती तिथंच सोडतो आणि अनवाणी पुढं जातो. पेटीच्या वर खांबाला एक बल्ब आहे. तो विझलेला आहे तोवर लाईट नाही, म्हणजे धोका नाही. तो पेटला की संपलं. आता बाप बांधावरून चालला की कुणी बापाकडं बघत नाही. सगळे बल्बकडं बघतात. पहिल्या खेपेचेच शॉट, तोच बांध, तेच चालणं.

तुमच्या गोष्टीतला तो बल्ब कुठला, हे आधी ठरवा. तो सापडल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

तिसरी पायरी: ठरलेल्या गोष्टींचा उपयोग ओळखा

तमाशात गणानंतर गवळण येणार हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. कीर्तनात पूर्वरंग संपला की आता आख्यान लागणार, हे मागं भिंतीला टेकून बसलेल्या आजीलाही कळतं. म्हणून काही त्यातली गोडी कमी होत नाही. उलट कलावंताच्या हातात बघणाऱ्याची दोरी येते, कारण तो कशाची वाट बघतोय हे कलावंताला नक्की माहीत असतं. थरारपटाचेही असे संकेत आहेत: खोट्या आळात सापडलेला निरपराध माणूस, एकटं घर, पावसाची रात्र, कापलेला फोन, सगळ्यांना हवी असलेली एखादी वस्तू, धावतं घड्याळ.

पोरं हे संकेत नुसते उचलतात. पाऊस पाडतात, दार करकरवतात. संकेत काम काय करतो, ते बघत नाहीत. नीट बघितलं तर बहुतेक संकेत एकच काम करतात: सुटकेचं एकेक दार बंद करतात. निरपराधावर आळ कशासाठी? तो पोलिसांकडं जाऊ नये म्हणून. पाय मोडलेला कशासाठी? धावू नये म्हणून. बघणारा मनात सारखं विचारत असतो, "मग हा असं का करत नाही?" त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं नाही, तर ताण टिकत नाही.

क्लुझो या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९५३ चा 'द वेजेस ऑफ फिअर' यासाठी बघा. दोन ट्रक, चार माणसं, खडबडीत रस्ता आणि मागं नायट्रोग्लिसरीन. जोराचा हादरा बसला की स्फोट. पण ट्रक निघायलाच जवळजवळ तासभर लागतो. तो तासभर एका भकास गावात जातो, जिथं काम नाही आणि बाहेर पडायला तिकिटाचे पैसे नाहीत. काही पोरं कंटाळून उठतात. त्यांना मी हाताला धरून बसवतो. "ही माणसं 'नको, आम्ही जात नाही' असं का म्हणत नाहीत?" याचं उत्तर त्या तासात तयार होतंय. ऊसतोडीची उचल घेऊन बीडकडून निघणाऱ्या टोळ्या ज्यांनी जवळून पाहिल्यात, त्यांना हा तास समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून वहीत आणखी एक पान करा. आपल्या पात्रापुढं सुटकेच्या वाटा किती, आणि त्यातली प्रत्येक वाट कुठल्या प्रसंगात बंद होते? आमच्या फिल्ममध्ये मोबाइलचा प्रश्न होता. पोराला जाग आली तर तो बापाला फोन करेल. मग बापाचा फोन घरीच चार्जिंगला लावलेला दाखवला. संध्याकाळभर घरात लाईट नव्हती, म्हणून चार्जिंग राहिलेलं. एक शॉट, दोन सेकंद.

चौथी पायरी: वेळ ताणा, पण मोजता येईल अशी

हिचकॉकच्या १९४६ च्या 'नटोरियस'मध्ये घरी मोठी पार्टी चालू आहे. नायिकेनं नवऱ्याच्या जुडग्यातून तळघराची किल्ली काढली आहे. कॅमेरा वरच्या मजल्यावरून, सगळी गर्दी दाखवत, हळूहळू खाली येतो आणि थेट तिच्या मुठीतल्या किल्लीवर थांबतो. हा शॉट सगळे सांगतात. मला मात्र त्याच पार्टीतल्या शॅम्पेनच्या बाटल्या जास्त मोलाच्या वाटतात. बर्फात ठेवलेल्या बाटल्या संपत चालल्यात. संपल्या की आणखी आणायला कुणीतरी तळघरात जाणार, आणि त्या वेळी नायिका आणि तिचा साथीदार तिथंच असणार. घड्याळ न दाखवता वेळ मोजली जातेय. प्रत्येक पाहुण्याचा पेला आपल्याला खुपायला लागतो.

आपल्या घरात, रानात अशी कितीतरी घड्याळं आहेत. टाकीत चढणारं पाणी, चुलीवर उतू जायला आलेलं दूध, पेट्रोलचा काटा, एसटीत उरलेली सीट.

एडिटिंग करताना सोपा नियम ठेवा: धोका जवळ येतो तसे शॉट लहान करा, पण ऐन वेळेच्या आधी एक शॉट मुद्दाम लांब ठेवा. आणि बघणाऱ्याला एखादं काम पूर्ण होताना बघायला लावा. 'सायको'त (१९६०) पुरावा दडवण्यासाठी एक गाडी दलदलीत ढकलली जाते. ती बुडता बुडता मधेच थांबते. तिथं पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा मी बघतो. गाडी बुडावी असं सगळ्यांना वाटत असतं, आणि खुनावर पांघरूण घालणाऱ्या माणसाच्या बाजूनं आपण कधी झालो हे कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. हाती घेतलेलं काम तडीस जावं असं माणसाला वाटतंच, मग ते काम कुणाचंही असो.

पाचवी पायरी: डोळे मिटून ऐका

सिनेमातली कुठलीही दहा मिनिटं आवाज बंद करून बघा, मग तीच दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. वीस मिनिटांत पुस्तकाएवढं कळतं.

फ्रिट्झ लांगच्या १९३१ च्या 'एम'मध्ये लहान मुलींचा खुनी एक ठरावीक धून शिट्टीवर वाजवतो. खून एकदाही दिसत नाही. आई हाक मारत राहते, जिना रिकामा, जेवणाचं ताट रिकामं. मग गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि खांबावरच्या तारांत अडकलेला फुगा. पुढं ती शिट्टी ऐकू आली तरी पोटात गोळा येतो. आणि त्याला पकडून देतो तो फुगे विकणारा एक आंधळा माणूस, शिट्टी ओळखून.

'जॉज'मध्ये (१९७५) संगीतकार जॉन विल्यम्सचे दोन सूर म्हणजे शार्क, हे आपल्या कानात बसतं. यांत्रिक शार्क सारखा बिघडत असल्यानं दिग्दर्शक स्पिलबर्गला तो फारसा दाखवता येत नव्हता, तेव्हा सुरांनीच त्याची जागा घेतली. पण दोन पोरं शार्कच्या पाठीवर असतो तसा पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवतात, त्या प्रसंगात हे सूर वाजत नाहीत. संगीत बघणाऱ्याशी खोटं बोलत नाही. हा प्रामाणिकपणा नवख्यांनी जरूर घ्यावा. मांजर उडी मारते तिथं ढोल बडवलात, तर पुढं खऱ्या धोक्याच्या वेळी तुमच्या ढोलावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

'सायको'तल्या स्नानगृहाच्या प्रसंगाला हिचकॉकला आधी संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मननं फक्त तंतुवाद्यांवर रचलेला तुकडा ऐकवला आणि त्यानं मत बदललं. आमच्याकडं तंतुवाद्यं नव्हती. रातकिडे होते, लांबून एक कुत्रं होतं आणि शेजारच्या रानातल्या मोटरचा घुंगाट होता. तो घुंगाट सुरू झाला म्हणजे लाईट आली. बल्बच्या आधी अर्धा सेकंद तो ऐकू यावा असं आम्ही केलं.

सहावी पायरी: संकेत मोडायचा तो बघणाऱ्याला तो ठाऊक असेल तेव्हाच

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) करताना हिचकॉकनं आधी विचार केला, मारेकरी येणार तर लोक काय धरून चालतात? रात्र, अरुंद गल्ली, दिव्याखाली उभा माणूस. मग त्यानं सगळं उलटं केलं. भर दुपार, सपाट माळ, एक फाटा, लपायला झाडसुद्धा नाही. नायक एसटीची वाट बघावी तसा उभा. लांब फवारणीचं विमान फिरतंय. बससाठी थांबलेला एक जण जाता जाता म्हणतो की पीक नाही तिथं हे विमान फवारणी करतंय. एवढ्या एका वाक्यानं माळाचं रूप पालटतं. या सगळ्या प्रसंगात संगीत नाही. ते सुरू होतं विमान टँकरवर आदळल्यावरच.

हा प्रसंग मराठवाड्यातल्या माणसाला वेगळाच भिडतो. सोयाबीन निघाल्यावरचं आपलं रान आठवा, नजर पोचेल तिथवर उघडं. लपायला जागा नसणं ही अंधाराहून मोठी भीती आहे. तरी आपली पोरं शूटिंगसाठी पडका वाडाच शोधत हिंडतात.

'सायको'नं याहून मोठा संकेत मोडला. नावाजलेली नायिका अर्धा सिनेमा व्हायच्या आत मारली जाते. तोवर आपण तिच्या चोरलेल्या पैशांची काळजी करत असतो. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा दंडक हिचकॉकनं थिएटरांना घातला होता तो याचसाठी.

आपल्या मातीतलं

हिंदी थरारपटानं स्वतःचे संकेत घडवले आणि त्यात गाणं सगळ्यात पुढं. 'महल'पासून (१९४९) रिकाम्या वाड्यात लांबून येणारा बाईचा आवाज ही खूणच झाली. 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वो कौन थी' (१९६४) यांनी ती पक्की केली. बाहेरच्या सिनेमात गाणं आलं की ताण सुटतो. इथं गाणंच गूढ वाढवतं. म्हणून १९६९ चा 'इत्तेफाक' बघा. यश चोप्रांनी त्यात एकही गाणं ठेवलं नाही, मुख्यतः एक घर आणि एक पावसाळी रात्र. गाण्याची सवय झालेला बघणारा त्या शांततेत जास्तच सावध होऊन बसतो.

मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) चुकवू नका. याच्यावरून हिंदीत 'मेरा साया' (१९६६) झाला. बायको गेली, आणि मग हुबेहूब तिच्यासारखी बाई आरोपी म्हणून समोर येते, म्हणते मीच तुमची बायको. इथं बॉम्ब नाही, बंदूक नाही. नवऱ्याच्या मनातली 'हीच का?' ही शंका सगळा सिनेमा ओढते. मोबाइलवर फिल्म करणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं की खर्चाशिवायही जीव टांगता येतो.

करायला घेताना

पाच मिनिटं, दोन किंवा तीन पात्रं, एक जागा. रात्रीचे प्रसंग रात्री घेऊ नका. मोबाइलच्या चित्रात नुसते दाणे येतात. तिन्हीसांजेला सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं निळसर उजेड असतो. त्यात उजेड कमी करून घ्या, हुबेहूब रात्र वाटते. त्या वीस मिनिटांत चार शॉट होतात, म्हणून चार संध्याकाळी ठेवा. मोबाइलला स्टँड नसेल तर वाळूचं पोतं पुरतं. आवाज दुसऱ्या मोबाइलवर, पात्राच्या जवळ ठेवून घ्या. वारा सुटला तर थांबा. ज्याचं रान त्याला आधी विचारा, आणि उभ्या पिकात पाय घालू नका.

विजेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पेटीची केबल पूर्ण सोडवलेली पाहिजे, फ्यूज काढून माझ्या खिशात पाहिजेत, आणि ठिणगी दाखवायची ती एडिटिंगमध्ये. विहिरीच्या काठावर कुणी उभं राहायचं नाही.

फिल्म झाली की गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसांना दाखवा, आणि तुम्ही पडद्याकडं पाठ करून बसा. त्यांचे हात बघा. पदराशी चाळा थांबला, शेंगा सोलायच्या राहिल्या, लेकराच्या पाठीवर थोपटणारा हात मधेच थबकला, की वहीत ती वेळ लिहा.

त्याच व्हरांड्यात आम्ही दुसरी फिल्म लावली तेव्हा मी असाच बसलो होतो. बाप पेटीशी पोचला, बल्ब विझलेलाच होता. त्यानं हात पुढं केला, मग घाम पुसायला मागं घेतला. मागच्या रांगेतून एक म्हातारी उठून उभी राहिली आणि पडद्याला ओरडून म्हणाली, "आरं त्याला सांगा की कुणीतरी! हात लावू नको म्हणावं!" शेजारणीनं तिला ओढून खाली बसवलं, पण तिचंही लक्ष बल्बवरच होतं.

घरी येऊन आम्ही तो घाम पुसण्याचा शॉट आणखी तीन सेकंदांनी वाढवला.